जमादारसाहेबांची तुकडी

जमादारसाहेबांच्या पायी माझी सोलापूरची मोटार दोनदा चुकली. पहिल्यांदा मी काही बोलले नाही, कारण मी उमरग्यात नवी होते आणि शेजाऱ्यांशी गोडीनं वागायचं असं आईनं बजावून ठेवलं होतं. मोटार आली, कंडक्टरनं दार उघडलं, आणि सगळ्यांत पुढं उभे असलेले जमादारसाहेब बाजूला सरून म्हणाले, "चढा बाई." मी म्हटलं, तुम्ही आधी आलात, तुम्ही चढा. ते म्हणाले, "न्हाय, आधी तुमी." आमचं हे चालू असताना मुरूमचा एक व्यापारी, त्याची बायको, तिची दोन गाठोडी आणि एक कोंबडी असं सगळं आमच्या मधून आत गेलं. मोटार भरली आणि कंडक्टरनं घंटा मारली. दुसऱ्यांदा हेच झालं तेव्हा मात्र मी भडकले. म्हटलं, "हे तुमचं पहिले आप घरी ठेवत जा, जमादारसाहेब. मला सोलापूरला शाळेच्या कामाला जायचंय, लखनौला नाही." ते ओशाळून हसले आणि पुढच्या मोटारीपर्यंत माझ्याबरोबर उन्हात उभे राहिले. त्या मोटारीतही ते माझ्यामागूनच चढले.

'पहिले आप' हे गावानंच त्यांना ठेवलेलं नाव होतं. दारातून आत जायचं असो, पंगतीत बसायचं असो, मशिदीत रांग धरायची असो, हा माणूस कधी पहिलं पाऊल टाकायचा नाही. हॉटेलातली पोरं मुद्दाम दारात अडून उभी राहायची आणि म्हणायची, "चला जमादारसाहेब." जमादारसाहेब बाहेरच. चहा आत, हे बाहेर. शेवटी मालक ओरडायचा तेव्हा पोरं आत जायची आणि त्यांच्यामागून हे. मला वाटायचं, जुन्या संस्थानी माणसाचा रिवाज असेल. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

वडील गेल्यावर मी मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि आईला घेऊन तुळजापूरहून उमरग्याला आले. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी कचेरीत अजून अर्ध्या गोष्टींना जुनीच नावं होती. आडत बाजाराच्या मागं एका ओळीत चार खोल्या होत्या. त्यांतली एक आमची आणि शेजारची दस्तगीर जमादारांची. घरात ते आणि त्यांची बायको खैरूभाभी. मूलबाळ नव्हतं. ते हैदराबादच्या फौजेत जमादार होते, पोलीस ॲक्शननंतर पलटण मोडली आणि घरी आले. आता एका आडत्याच्या गोदामावर राखणदार होते.

उंच, काटकुळा माणूस. मान अशी ताठ की खाली पडलेली वस्तू उचलायची झाली तरी मान तशीच ठेवून गुडघ्यांत वाकायचे. मिशी बारीक कातरलेली. खाकी विजार धुऊन धुऊन पार पांढुरकी झालेली, पण तिची इस्त्री कधी मोडली नाही. सकाळी ओट्यावर बसून ते बूट घासायचे. त्या बुटांना इतक्यांदा तळ लावले होते की मूळचं त्यात काय उरलं होतं ते चांभारालाच ठाऊक. खैरूभाभी आतून म्हणायच्या, "जाना किधर है, जो चमका रहे हो?" ते उत्तर द्यायचे नाहीत. बाईचं तोंड आणि तोफ यांना उत्तर देऊ नये, असं मला नंतर हळूच सांगायचे, आणि भाभींनी ते ऐकलंय हे लक्षात आलं की घाईघाईनं ब्रश हलवायला लागायचे.

राखणदारी हे त्यांच्या पोटाचं काम होतं. खरं काम वेगळंच. फौजेत त्यांच्या हाताखाली सोळा-सतरा जणांची तुकडी होती. सगळे आसपासच्या गावांतले, कुणी मुरूमचे, कुणी नळदुर्गकडचे, एक-दोघे पार येडशीचे. पलटण मोडल्यावर सगळे घरी आले आणि जमादारसाहेबांनी एकेकाला कामाला लावायचा विडा उचलला. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरच्या ट्रक-अड्ड्यावर जाऊन बसायचे. हैदराबादकडून येणारे ट्रकवाले जेवायला थांबले की हे शेजारी जाऊन उभे. "एक आदमी है. इमानदार. रात को जागता है." ट्रकवाले हसायचे, पण दोघांना त्यांनी खरंच क्लीनर म्हणून चिकटवलं. एकाला जिनिंगच्या फाटकावर बसवलं. एकाला येडशीच्या जंगलात राखा केलं, तेही वनखात्याच्या साहेबाच्या बंगल्यासमोर तीन दिवस बसून. साहेब विचारायचा, काय पाहिजे? हे म्हणायचे, "मला काही नको. माणसासाठी आलोय."

मी एकदा म्हटलं, "अहो, फौजेनं कमी केलं त्यांना, तुम्ही नाही. तुम्ही का हा जन्माचा वसा घेतलाय?" ते म्हणाले, "माझी तुकडी आहे, बाई." एवढंच.

हॉटेलात त्यांच्यासमोर फौज कमी का केली हा विषय रोज निघायचा. वकिलाचा कारकून म्हणायचा, नव्या सरकारला जुन्या फौजेवर भरवसा कसा बसावा, म्हणून काढलं. शिंपी म्हणायचा, पगार द्यायला पैका नव्हता. जमादारसाहेब सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि कुणालाच खोटं पाडायचे नाहीत. मी शिक्षिका, मला कारण लागतं. एका दुपारी ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, "फौज माणसं कमी का करते हो?"

शेंग हातातच ठेवून त्यांनी विचार केला. म्हणाले, "लढाई चालू असंल तर शिपाई म्हंजे हात. लढाई सरली की शिपाई म्हंजे तोंड. हात कुणाला बी पायजेत, तोंडं कोण पोसंल? आन् आमच्यात तर दोन फौजा एक झाल्या. दोन भाऊ एकत्र राहायला लागले तर दोन चुली कशाला? एक इझवायलाच लागती. मग घोडे गेले, मोटारी आल्या. घोड्याचा माणूस मोटारीला काय करंल? भरवशाचं म्हणता, तर त्ये बी खरं. मी सरकार असतो तर मी बी हेच केलं असतं."

"म्हणजे तुम्हाला राग नाही?"

"सरकारचा? न्हाय. सरकारनं लई सरळ विचारलं हुतं."

काय विचारलं होतं, हे मी विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात खैरूभाभी बाहेर आल्या आणि शेंगा फोडायच्या सोडून खाल्ल्या किती यावरून दोघांचं सुरू झालं.

आमच्या शाळेत त्यांनी घातलेला गोंधळ तर अजून आठवला की हसू येतं, आणि हसून झालं की वाईट वाटतं. पंधरा ऑगस्टला मुलींची कवायत बसवायची होती. मीच हेडबाईंना म्हटलं, शेजारी फौजेतला माणूस असताना आपण कशाला ड्रिलचं पुस्तक उघडून बसायचं? जमादारसाहेब आधी नको नको म्हणाले. मग आले ते रोज वेळेच्या आधी येऊन फाटकाबाहेर उभे राहायचे, कारण कुणी आत गेल्याशिवाय हे आत येणार नाहीत. मुली त्यांच्यावर खूश होत्या. ओरडायचे नाहीत. पायाची टाच कशी पडते ते स्वतः करून दाखवायचे, आणि परकरातल्या त्या चिमण्या मुली बूट घातल्यासारख्या टाच आपटायच्या.

पंधरा ऑगस्टला शिक्षणखात्याचे एक साहेब पाहुणे होते. कवायत बघून ते खूश झाले आणि त्यांना हुरूप आला. म्हणाले, मी स्वतः हुकूम देतो. पुढं आले, छाती काढली आणि ओरडले, "पहिली रांग, दोन पावलं पुढं!"

रांग जागची हलली नाही. साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. रांग तशीच. मग पहिल्या रांगेतली शकुंतला, जिच्या तोंडातून वर्गात एरवी शब्द फुटायचा नाही, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कशासाठी, साहेब?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हेडबाईंचा त्याहून. जमादारसाहेब मात्र भिंतीशी उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की जसं काही पोरीनं परीक्षेत पहिला नंबर काढलाय. नंतर हेडबाईंनी त्यांना बोलावून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मीच शिकवलं. हुकूम पुरा ऐकायचा. कशाला त्ये इचारायचं. मग पाऊल टाकायचं." हेडबाई म्हणाल्या, "ही कसली फौजी कवायत?" ते म्हणाले, "फौजी न्हायच, बाईसाहेब." दुसऱ्या दिवसापासून त्यांची कवायत बंद झाली. मी दोन दिवस हसत होते. आईला तो प्रसंग करून दाखवायचे आणि आई तोंडाला पदर लावायची. आम्हाला काय ठाऊक.

तुकडीतल्या सगळ्यांची कुठं ना कुठं सोय लागली. राहिला एक रहिमान, मुरूमचा. जमादारसाहेबांचा सगळ्यांत लाडका. दिसायला लहानखुरा, हसतमुख, आणि फौजेत म्हणे निशाणबाजीत पहिला. पण त्याच्या नशिबी काहीच टिकेना. ट्रकवर लावला तर ट्रक विकला गेला. गोदामावर लावला तर मालक वारला. शेवटी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसला आणि ती धूळ त्याच्या छातीत शिरली. खोकायला लागला की उभ्या उभ्या दुमडायचा. जमादारसाहेब त्याला दवाखान्यात घेऊन यायचे आणि औषध मिळेपर्यंत बाहेर येरझाऱ्या घालायचे. एक दिवस ते माझ्याकडे आले. नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "बाई, शाळेत पाणी भरायला माणूस लागतो का? माझ्यासाठी न्हाय."

मी हेडबाईंच्या मागं भुंग्यासारखी लागले आणि रहिमानला शाळेत ठेवून घेतलं. कवायतीचं प्रकरण विसरायला हेडबाईंना वेळ लागला, पण रहिमाननं पाण्याचे रांजण असे लख्ख ठेवले की त्या काही बोलल्या नाहीत. जमादारसाहेब म्हणाले, "आता झालं." पण झालं नव्हतं. कारण रहिमानचा खोकला गेला नाही, आणि तो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याच्या घागरी वाहत होता.

मग चीनची लढाई आली. एवढी वर्षं नको असलेली माणसं एकदम हवी झाली. भरतीची गाडी उमरग्यालाही आली आणि आमच्याच शाळेच्या मैदानात टेबल मांडलं. त्या सकाळी जमादारसाहेबांनी बूट घासले. खैरूभाभी या खेपेला काही बोलल्या नाहीत. रहिमानला त्यांनी माझ्या देखत न्हाव्याकडे नेलं, त्याला स्वतःचा एक धुतलेला सदरा घातला आणि दोघं मैदानात गेले. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. रांगेतली सगळी पोरं विशीतली. त्यांच्या शेवटी हे दोघं. आधी रहिमान, मागं जमादार.

टेबलावरचा माणूस चांगला होता. हसला नाही. उठून उभा राहिला आणि काहीतरी बोलला, बहुतेक वयाचं. जमादारसाहेब स्वतःबद्दल काही बोललेच नसावेत, कारण त्यांचा हात सारखा रहिमानच्या खांद्यावर होता. तेवढ्यात रहिमानला खोकल्याची उबळ आली. तो टेबलाचा कोपरा धरून दुमडला. मग बोलण्यासारखं काही राहिलंच नाही.

त्या दुपारी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. आईनं पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. मी म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका. वय कुणाच्या हातात आहे?" तर ते एकदम बोलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

पलटणीचा एक रिवाज होता. साहेबानं 'एक पाऊल पुढं' म्हटलं की समजायचं, काहीतरी जोखमीचं काम निघालंय, आणि त्याला राजीखुशीची माणसं पाहिजेत. मग तुकडीच्या जमादारानं पुढचं न ऐकता पाऊल टाकायचं. काम काय, कुठं, परत येणार का, हे ऐकत उभा राहील तो 'हिशेबी'. हिशेबी म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिथं होतं. आणि जमादार पुढं गेला की त्याची तुकडी मागोमाग, त्याच ठेक्यात. त्या एकाच ठेक्यासाठी त्यांची तुकडी सगळ्या पलटणीत नावाजलेली होती.

पोलीस ॲक्शननंतर नवे साहेब आले. पलटण मैदानात उभी केली. साहेबानं तुकड्या-तुकड्यांसमोर येऊन सांगितलं. सगळ्यांत आधी जमादारसाहेबांच्या तुकडीपुढं येऊन तो म्हणाला, "एक पाऊल पुढं त्यानं यायचं..." आणि यांचं पाऊल पडलं. साहेबाचं बोलणं अजून चालूच होतं. "...ज्याला फौज सोडून घरी जायचंय. बाकीच्यांना नव्या फौजेत घेऊ."

"मग मागं घ्यायचं पाऊल," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

"त्येच तर." ते म्हणाले. "साहेब भला माणूस. त्यानं माझ्याकडं बघितलं. पुन्यांदा इचारलं, जमादार, नीट ऐकलं का? मागं घ्यायचं तर घे. बाई, मी मान वळवून बघितलं. माझी सारी तुकडी माझ्या रांगेत येऊन उभी. सगळ्या पलटणीसमोर. आता मी मागं सरलो तर काय म्हणतील? मला लाज वाटली. एवढीच गोष्ट. मी म्हटलं, जी साहेब, नीट ऐकलं. लढाईत न्हाय, कशात न्हाय, माझ्या लाजेपायी एवढ्या माणसांची रोटी गेली. त्येंनी तर ऐकलं बी नव्हतं. माझा पाय बघून आले बिचारे."

आई डोळे पुसत होती. मला दोन मोटारी आठवल्या, आणि मी भर रस्त्यात त्यांना काय बोलले तेही.

"रहिमानला सांगितलंत कधी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. तुकडीतली माणसं आपसांत कधी बोलतच नव्हती त्या दिवसाबद्दल. सगळे 'पलटण मोडली' म्हणायचे आणि तिथंच थांबायचे.

मी म्हटलं, "सांगा. माफी मागा आणि मोकळे व्हा. किती दिवस असे दारांबाहेर उभे राहणार?" सल्ला द्यायला माझं काय जात होतं.

पुढच्या रविवारी रहिमान आमच्याकडे माठ ठेवायला आला. जमादारसाहेब त्यांच्या ओट्यावरून उठले आणि त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. अगदी सावधान. मी दारात होते, आत जावं की थांबावं कळेना, म्हणून तिथंच थांबले. ते म्हणाले, "रहिमान, त्या दिवशी मैदानात म्या साहेबाचं पुरं ऐकलं नव्हतं. माझं चुकलं. तुमी न ऐकता माझ्या मागं आला, आन् मी तुम्हाला माघारी न्हेलं न्हाय. मला माफ कर."

रहिमाननं माठ खाली ठेवला. त्याला आधी काय म्हणताहेत तेच कळलं नाही. मग तो हसला, त्याचं ते नेहमीचं हसू. म्हणाला, "आमी ऐकलं हुतं की, साहेब."

"काय?"

"समदं ऐकलं हुतं. तुमचा बूट वाजला तवा आमी जागेवरच. साहेबाचं बोलणं पुरं झालं, मग आमचे बूट वाजले. तुमच्या ध्यानात न्हाय. इकडं तिकडं बघितलं एकमेकांकडं, म्हटलं, जमादार चालले घरी, मग आपण हितं कुणाच्या हाताखाली ऱ्हायचं?" खोकला आला, तो थोपवून त्यानं पुढं सांगितलं, "आमाला वाटलं, तुमाला घरी जायचं हुतं. म्हणून कुणी इषय काढला न्हाय कधी. तुमाला वाईट वाटंल म्हणून."

त्यानं माठ उचलला, आईनं दाखवला त्या कोपऱ्यात ठेवला आणि जाताना जमादारसाहेबांना सलाम केला. मला वाटलं, चला, सुटला बिचारा माणूस. चूक त्याची एकट्याची नव्हती, त्या लोकांनी डोळे उघडे ठेवून केलेलं होतं. मी आईला तसं म्हटलंही. आई म्हणाली, "तुला काही कळत नाही."

रहिमान पुढच्याच उन्हाळ्यात गेला. शाळेला सुट्टी होती, मी तुळजापूरला होते. परत आले तेव्हा खैरूभाभींनी सांगितलं की मुरूमला त्याला पोचवायला तुकडीतले सगळे जमले होते, येडशीचाही आला होता. जमादारसाहेब सगळ्यांच्या मागून चालले.

वर्षभरात माझी उस्मानाबादला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं, आई आणि मी मोटारीनं निघालो. जमादारसाहेब पोचवायला आले. मोटारीत आम्हाला खिडकीशी जागा मिळाली आणि ते खाली उभे राहिले. मान होती तशीच ताठ, पण विजारीची इस्त्री मोडलेली होती. मी म्हटलं, "भाभींना जपा. आणि आता मनाला लावून घेऊ नका. ते स्वखुशीनं आले होते."

त्यांनी खिडकीची दांडी धरली.

"त्येच म्हणतो, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्सं वाटायचं, न ऐकता आले. चूक झाली, चुकीची भरपाई करता येती. मी करत हुतो. पण त्ये ऐकून आले. नवी नोकरी समोर हुती, ती सोडून, माझ्यासाठी आले. आन् मला तर जायचंच नव्हतं." ते थांबले. "ह्याची भरपाई कशी करू, त्ये सांगा."

आयुष्यभर मी कुणाला उत्तराशिवाय सोडलं नाही. मोटार सुरू झाली, त्यांनी दांडी सोडली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले.